चिक्कीची समोरासमोर चाचणी

नारपोलीतल्या अंगणवाडीत येणारी शेंगदाण्याची चिक्की कडू लागते, हे सगळ्यांत आधी मुलांना कळलं. चिक्की पुरवणाऱ्याला, ती मंजूर करणाऱ्या समितीला आणि वेष्टनावर 'पौष्टिक व बलवर्धक' असं छापणाऱ्याला ती कधी खावी लागली नव्हती, त्यामुळे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. बरीचशी मुलं पहिला घास घेऊन थुंकायची. काही नेटाने खायची, कारण कडू दाण्याभोवतीचा गूळ गोड होता.

अंगणवाडी सेविका बकुळा रोकडे हिने याबद्दल वरच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "वहीत काय लिहायचं ते ठरलेलं आहे. 'मुलांनी आवडीने खाल्ली.' दुसरा रकानाच नाही." बकुळाने चार महिने तेच लिहिलं. पाचव्या महिन्यात तिने एक वडी स्वतः चावून पाहिली. जेवण झालं, चहा झाला, तरी जिभेवरचा कडूपणा जाईना. संध्याकाळी तिने पिशवीत सहा वड्या घातल्या आणि घरी येऊन मुलीसमोर ठेवल्या.

"तुमच्याकडे ते बुरशीचं विष मोजायचं मशीन आलंय ना? त्यात घालून बघ."

"त्या मशिनीत अजून कुणी काही घातलेलं नाही, आई," धम्मदिना म्हणाली.

धम्मदिना एकोणतीस वर्षांची होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती राहनाळच्या गोदामांच्या रांगेतल्या 'सत्त्वशोध अन्नपरीक्षण प्रयोगशाळे'त विश्लेषक म्हणून लागली होती. एका बाजूला फ्रिजचं गोदाम, दुसऱ्या बाजूला ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या चपलांचं, आणि मध्ये सत्त्वशोध. तिथे ती ओलावा, मीठ आणि स्निग्धांश मोजत असे, आणि ते खरंच मोजत असे. विषाचा रकाना मात्र प्रयोगशाळेचे मालक-संचालक प्रभाकर चौबळ सर स्वतः भरत. तो भरायला त्यांना उपकरण लागत नसे. कॉम्प्युटरवर तयार नमुना होता: 'बुरशीजन्य विष: आढळले नाही.' नाव आणि तारीख बदलली की अहवाल तयार. शोधलंच नाही तर आढळणार कसं, इतपत ते वाक्य खरंही होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी धम्मदिनाने विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "ते आपण बाहेरून करून घेतो." तिने मान डोलावली होती. बाहेर म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नव्हतं.

मशीन वर्षभरापूर्वी आलं. त्याचं उद्घाटन झालं, पेपरात फोटो आला, आणि तेव्हापासून ते जांभळ्या मखमली कापडाखाली होतं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली. सोबत आलेला चाचणीचा संच फ्रिजमध्ये लशीसारखा जपून ठेवला होता, आणि त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपणार होती.

मंगळवारी चौबळ सर बायकोला घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला गेले. त्या दिवशी धम्मदिनाने मखमल बाजूला केली.

काम किचकट होतं, पण अवघड नव्हतं. चिक्की कुटायची, अल्कोहोलमिश्रित पाण्यात घुसळायची, गाळायची. प्लेटवर शहाण्णव बारीक खळगे असतात, त्यांतल्या काहींत हा अर्क सोडायचा, काहींत विषाचं प्रमाण आधीपासून माहीत असलेले द्रव. मग रंग आणणारा पदार्थ घालायचा, थांबायचं, धुवायचं, रंगाचा द्रव घालायचा. निळं होतं. शेवटी आम्लाचा थेंब टाकला की पिवळं होतं. मग मशीन प्रत्येक खळग्यातून प्रकाश सोडतं आणि त्यातला किती अडला ते सांगतं.

या संचाची एक खोड होती. त्यात सगळं उलटं होतं. धम्मदिनाने ते रात्री जेवताना आईला सांगितलं तेव्हा शेअर रिक्षाचा दाखला दिला. "खळग्याच्या तळाशी मोजक्या सीटा असतात. विष आणि रंगवाला, दोघंही त्याच सीटांसाठी धावतात. विष जास्त असलं तर तेच बसून घेतं. रंगवाल्याला जागा मिळत नाही, तो धुऊन निघून जातो. म्हणून विष जास्त तिथे पिवळा रंग कमी. आणि स्वच्छ माल असला की खळगा हळदीसारखा पिवळा."

"मग आपली चिक्की?"

"जवळजवळ पांढरी."

आकडा आला होता किलोमागे चौऱ्याहत्तर मायक्रोग्रॅम. कायद्यातली मर्यादा दहा-पंधराच्या घरात होती. धम्मदिनाने संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दोन वड्यांवर तीच चाचणी केली. एकाहत्तर आणि शहात्तर.

बकुळा भाताचा घास हातात धरून बसली. "यानं काय होतं?"

"आज काहीच नाही. उद्याही नाही. यकृतात साठतं. वीस-तीस वर्षांनी कुणाला काय झालं तर डॉक्टर विचारतील, दारू पिता का."

वेष्टनावर निर्मात्याचं नाव होतं, भाविक पाटील. धम्मदिनाने प्रयोगशाळेतली फाइल उघडली तेव्हा त्याचे गेल्या वर्षभरातले चौदा अहवाल मिळाले. चौदाही वेळा 'आढळले नाही'. खाली विश्लेषक म्हणून तिची स्वतःची सही होती. सही म्हणजे रबरी शिक्का. तो तिने सरांच्या टेबलाच्या खणात ठेवायला दिला होता, कारण रजेच्या दिवशी कामं अडतात असं सर म्हणाले होते. ती ते चौदा कागद पुन्हा पुन्हा पाहत राहिली. सही अगदी तिच्यासारखीच होती, जरा जास्तच नीट.

दुसऱ्या दिवशी तिने आकड्यांचा कागद सरांपुढे ठेवला.

प्रभाकर चौबळ एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. प्रकाशाच्या शोषणाचा नियम ते अशा आवाजात सांगत की मागच्या बाकावरचाही जागा व्हायचा. 'जितका पदार्थ जास्त, तितका प्रकाश जास्त अडतो.' धम्मदिनानेही तो त्यांच्याकडूनच ऐकला होता. नियम चुकीचा नव्हता. सरांची अडचण एवढीच होती की निवृत्तीनंतर त्यांनी काही वाचलं नव्हतं, आणि आधीही फारसं नाही.

त्यांनी कागद पाहिला. भुवया वर गेल्या. "संच कुणाला विचारून उघडलास?"

"सर, मुदत संपत होती."

"चौऱ्याहत्तर," ते पुटपुटले. मग कागदाची चौकोनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. "भाविकशेठ आपले सगळ्यांत जुने ग्राहक आहेत. अशी एखादी वडी निघते. आपण समाजात घबराट पसरवायची नसते, दीना." तिचं पूर्ण नाव त्यांना लांब वाटे.

"सर, ही अंगणवाडीत जाते. आणि अहवालांवर माझी सही आहे."

"म्हणूनच सांगतो. तुझी सही आहे."

धम्मदिना जागेवर येऊन बसली. दिवसभर तिने मसाल्यातलं मीठ मोजलं. तिला सरांपेक्षा स्वतःचा राग जास्त येत होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. चौदा वेळा आपण खोटं बोललो आणि एकदाही आपल्याला तोंड उघडावं लागलं नाही, हे तिला राहून राहून आठवत होतं. संध्याकाळी तिने जिल्ह्याच्या अन्नतपासणी अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. उरलेल्या तीन वड्या, आकडे, चौदा अहवालांचे क्रमांक. 'यांवरील सही माझी आहे, चाचणी झालेली नाही' असंही लिहिलं, आणि खाली पेनने सही केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सरकारी प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग मोठी असल्याने, ज्या प्रयोगशाळेने अहवाल दिले तिथेच, अधिकारी, उत्पादक व पत्रकार यांच्या समोरासमोर फेरचाचणी घेण्यात येईल. म्हणजे ज्याच्यावर संशय होता त्यालाच तराजू धरायला सांगितलं होतं, आणि वर टाळ्या वाजवायला माणसं बोलावली होती.

पत्राची प्रत चौबळ सरांनाही गेली होती. त्यांनी धम्मदिनाला काढून टाकलं नाही. चाचणीच्या आधी काढलं तर बरं दिसणार नाही, असं भाविकने सुचवलं.

भाविक पाटील पस्तिशीचा होता. बापाने जमीन गोदामांना दिली आणि याने चिक्कीचा कारखाना टाकला. वाढदिवसाला चौकात त्याचे बॅनर लागत, त्यावर तो मोबाइल कानाला लावून दूर बघत असे. तो प्रयोगशाळेत आला, खुर्ची ओढून थेट धम्मदिनासमोर बसला आणि अगदी मायेने बोलला.

"ताई, तुमची आई नारपोलीच्या अंगणवाडीन हाय ना? मी वही बघितली. चार म्हैने त्या सोताच लिवतात, पोरांनी आवडीन खाल्ली. आता आई खरी का मुलगी खरी, ते लोक इचारतील. मी न्हाय इचारनार, लोक इचारतील."

"विचारू दे," धम्मदिना म्हणाली. "आई सांगेल, दुसरा रकाना नव्हता."

भाविकला हे उत्तर समजलं नाही. तो सरांच्या केबिनमध्ये गेला. काचेचा दरवाजा नीट लागत नसे, त्यामुळे बोलणं बाहेर येई.

"सर, वांदा न्हाय ना?"

"अहो, चाचणी मी स्वतः करणार. प्रकाश तोच, नियम तोच. एकतीस वर्षं शिकवलंय."

"पन ते आकडं मशीन काढते."

"मशीन काय काढतं? रंग बघतं. रंग नसेल तर काय बघणार?"

थोड्या वेळाने सर बाहेर आले आणि सहज विचारल्यासारखं धम्मदिनाला म्हणाले, "त्या संचात शेवटी रंग कोणता येतो गं?"

"पिवळा, सर. पण त्यात एक आहे. हा संच उलटा—"

"पिवळा ना? बस."

"सर, माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर दिलंय की रंग जितका—"

"दीना," सर हसले. "प्रकाशाचं शोषण तू मला शिकवणार?"

तिने दोनदा प्रयत्न केला होता. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आधी सर म्हणाले, "त्या दिवशी तू चहापाण्याचं बघ. बेंचवर यायचं नाही." तेव्हा ती गप्प बसली. हे गप्प बसणं मागच्या तीन वर्षांच्या गप्प बसण्यासारखं नव्हतं, एवढं तिला जाणवलं. ते बरोबर होतं की नाही हे मात्र तिला तेव्हा ठरवता आलं नाही.

चाचणीच्या दिवशी प्रयोगशाळेपुढे मांडव घातला होता. चपलांच्या गोदामातून खुर्च्या आणल्या होत्या. अधिकारी अदिती कर्णिक वेळेवर आल्या, बरोबर भाविकच्या राहनाळच्या गोदामातून सीलबंद करून आणलेला चिक्कीचा खोका होता. त्यांनी भाविकचा पुष्पगुच्छ घेतला नाही, तो त्याने मग चौबळ सरांना दिला. स्थानिक वाहिनीचा एक पत्रकार कॅमेरा लावून बसला होता.

चौबळ सरांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. प्रकाश म्हणजे सत्य, आणि सत्यापुढे विष लपत नाही, असं ते म्हणाले. मग कर्मचाऱ्यांची ओळख करून दिली. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या धम्मदिनाकडे हात करून म्हणाले, "आमच्याकडे समाजाच्या सगळ्या थरांतली मुलं आहेत. संधी देतो आम्ही." पत्रकाराने तेवढ्यापुरता कॅमेरा तिच्याकडे वळवला. ट्रेमध्ये अकरा कप होते. ती ते मोजत राहिली.

मग सर काचेच्या कपाटामागे बसले आणि हातमोजे चढवले. हात सराईत होते, ते मान्य करायला हवं. डावीकडच्या खळग्यांत माहीत असलेले द्रव, मध्ये बाजारातून आणलेले चांगले शेंगदाणे, उजवीकडच्या दोन रांगांत भाविकची चिक्की. थांबणं, धुणं, पुन्हा थांबणं. लोकांनी समोसे खाल्ले. शेवटी रंगाचा द्रव घालायची वेळ आली. तो द्रव बाटलीत असतो तेव्हा पाण्यासारखाच दिसतो, खळग्यात गेल्यावरच रंगतो.

धम्मदिना कप गोळा करत काचेजवळून गेली तेव्हा तिने पाहिलं. डावीकडच्या आणि मधल्या खळग्यांसाठी सरांनी संचातली बाटली वापरली. उजवीकडच्या दोन रांगांसाठी त्यांनी कोपऱ्यातली दुसरी बाटली उचलली. ती ऊर्ध्वपातित पाण्याची होती. सकाळी तिनेच भरली होती.

तिला आधी हसू आलं, मग आलं नाही.

दहा मिनिटांत मधले खळगे निळे झाले. सरांनी आम्ल टाकलं. ते झळझळीत पिवळे झाले. चिक्कीचे खळगे स्वच्छ पाणी होते, कारण ते स्वच्छ पाणीच होतं. सरांनी प्लेट उचलून कॅमेऱ्यापुढे धरली.

"बघा. हा पिवळा रंग म्हणजे विष. बाजारातल्या साध्या दाण्यात बघा किती आहे. आणि ही भाविकशेठांची चिक्की. थेंबभर पिवळेपणा नाही. पाण्यासारखी."

टाळ्या झाल्या. भाविकने हात जोडले. बाजारातले दाणे ज्या दुकानातून आणले त्याचं नाव पत्रकाराने विचारून घेतलं.

"मशिनीत घाला ना," अदिती कर्णिक म्हणाल्या.

"हो, ती औपचारिकता." सरांनी प्लेट आत सरकवली. मशीन घरघरलं. प्रिंटर हलला. कागद अदितीताईंनीच ओढून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग त्या संचाच्या डब्यातलं माहितीपत्रक काढून शांतपणे दुसरं पान उघडून बसल्या.

"चौबळ सर, बाजारातले दाणे इथे स्वच्छ लिहिलेत. मर्यादेच्या कितीतरी खाली."

"असं कसं..."

"आणि चिक्कीसमोर आकडाच नाही. 'मोजण्याच्या कक्षेपलीकडे, अतिउच्च' असं आलंय." त्यांनी पत्रक वर धरलं. "या संचात रंग जितका गडद तितकं विष कमी. ठळक अक्षरात छापलंय. आणि तुमच्या खळग्यात रंग अजिबात नाही."

चौबळ सरांच्या चेहऱ्यावर त्या अर्ध्या मिनिटात बरंच काही येऊन गेलं. वाचन चुकलं म्हणावं तर का चुकलं ते सांगावं लागेल. मी चिक्कीत पाणी घातलं होतं, असं कॅमेऱ्यापुढे सांगणं शक्य नव्हतं. मशीन खराब म्हणावं तर मघाशी पंधरा मिनिटं तेच सत्य होतं. भाविक अर्धवट उठला होता आणि त्याचे जोडलेले हात अजून सुटले नव्हते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग घसा खाकरून म्हणाले, "मला याची शंका होतीच. म्हणूनच मी जाहीर चाचणीचा आग्रह धरला. ग्राहक कितीही जुना असो, सत्त्वशोध तडजोड करत नाही."

भाविकने त्यांच्याकडे असं पाहिलं की पत्रकाराने न सांगता कॅमेरा जवळ नेला. "सर, तुमीच बोल्लात ना, रंग नसंल तर मशीन काय बघनार?" तो म्हणाला. पण तोवर सर अप्रामाणिक उत्पादकांबद्दल बोलू लागले होते, आणि त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा होता.

दुपारी मांडव रिकामा झाला. भाविक गाडी जोरात मागे घेऊन निघून गेला. सर मुलाखत द्यायला बाहेर थांबले. अदिती कर्णिक पंचनामा लिहीत होत्या. धम्मदिना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ते वाचन चुकीचं आहे."

अदितीताईंनी पेन थांबवलं. "अर्ज तुमचाच ना?"

"हो. चिक्कीत विष आहेच. पण कक्षेपलीकडे नाही. त्या दोन रांगांत रंगाचा द्रव गेलेलाच नाही, पाणी गेलंय. मी पाहिलं. खळगा इतका कोरा कधी येत नाही."

"पाणी घालून त्यांना काय मिळणार होतं?"

धम्मदिनाने सांगितलं. अदितीताई ऐकत राहिल्या, मग त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि खोकल्यासारखं केलं. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "नापास तर झालीच आहे. आता पुन्हा करून काय होणार?"

"नापासच होईल. पण ती चिक्की नापास होईल. आता झालंय ते पाणी नापास झालंय. चौदा कागदांवर माझी सही आहे, मॅडम. एक तरी मोजलेला असू दे."

खळगे शिल्लक होते, संचाची मुदत चार दिवसांनी संपत होती. अदितीताईंनी खुर्ची बेंचजवळ घेतली. धम्मदिनाने सीलबंद खोक्यातली नवी वडी कुटली. या वेळी चिक्कीच्या खळग्यांत अगदी फिका, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा रंग उरला. आकडा आला त्र्याहत्तर.

"तुमचा पहिला चौऱ्याहत्तर होता," अदितीताई म्हणाल्या. "इतका जवळ?"

"मोजलं की जवळच येतं."

त्यांनी दोन्ही कागद पंचनाम्याला जोडले, आणि पहिल्यावर 'कार्यपद्धती सदोष' असा शेरा मारला. हे फार उपयोगी पडलं. भाविकच्या वकिलाने पहिल्याच सुनावणीत दाखवून दिलं की असं कोरं वाचन शक्यच नाही, आणि तो कागद बाद करून घेतला. मग दुसरा कागद निघाला, त्यात वकिलाला काही सापडलं नाही. गोदामातला साठा जप्त झाला. कंत्राट गेलं. भाविकने सहा महिन्यांत बहिणीच्या नावाने राजगिऱ्याच्या वड्या सुरू केल्या, आणि त्यांच्या वेष्टनावर सूक्ष्मदर्शकाचं चित्र आहे. धम्मदिनाचीही चौकशी झाली. शिक्का दुसऱ्याच्या हातात दिल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने जपून ठेवली. या सगळ्या प्रकरणात लेखी शिक्षा झालेली ती एकटीच.

चौबळ सरांचा सत्कार झाला. एका मंडळाने त्यांना 'निर्भीड विज्ञानसेवक' असं मानपत्र दिलं. त्याचा प्रयोगशाळेला फटका बसला. जिथे खरोखर विष सापडू शकतं अशा ठिकाणी माल पाठवायला कोण तयार होणार? तीन महिन्यांत निम्मे ग्राहक दुसरीकडे गेले, जिथे 'आढळले नाही' त्याच दिवशी मिळतं. "प्रामाणिकपणा परवडत नाही हो," असं सर आता लोकांना सांगतात, आणि सांगताना ते मनापासून दुःखी असतात. धम्मदिनाने आपला रबरी शिक्का मागून घेतला, ब्लेडने त्याचे चार तुकडे केले, आणि नोकरी सोडली. आता ती एका मसाला कंपनीत आहे. तिथलं मशीन रोज चालतं.

अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करावी असं अदिती कर्णिक यांनी वर लिहून पाठवलं. वरून पथक आलं. पथकाकडे दोन रकान्यांचा कागद होता: उंची आणि वजन. बहुतेक मुलांचं वजन चार महिन्यांत वाढलेलं निघालं, मुलांचं वाढतंच. अहवालात लिहिलं गेलं की पूरक आहाराचा परिणाम समाधानकारक आहे. बकुळाने तो वाचला आणि मुलीला म्हणाली, "आता हे तरी कशाने मोजायचं?"

धम्मदिनाने माहिती काढली. खाल्लेलं परत काढता येत नाही. पण ज्याला पुढे काविळीचा एक प्रकार होतो, त्याच्या यकृतावर या विषाचा मार जास्त बसतो, आणि त्या काविळीची लस आहे. एवढंच हातात होतं. दोन रविवार मायलेकी नारपोलीत घरोघर फिरल्या. यंत्रमागांच्या खडखडाटात दारात उभं राहून, कुठे मराठीत तर कुठे हिंदीत, बकुळा सांगायची, "बच्चे का टीके का कार्ड दिखाओ." एकतीस मुलांची कार्डं पाहिली. चार मुलांचे डोस राहिले होते.

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, "एक वर्षाच्या पुढच्या मुलांना इथे ही लस मिळत नाही. आणि कोणत्या कार्यक्रमाखाली नोंदवू?"

"बाहेरून आणली तर टोचाल?" धम्मदिनाने विचारलं.

"टोचते. नोंद कशात करायची ते नंतर बघू."

धम्मदिना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत चार कुप्या घेऊन आली. चारही मुलं बाकावर ओळीने बसली होती, आया मागे उभ्या होत्या. सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची होती. सुई बघून तिने हात मागे घेतला. "दुखतं का?" तिने बकुळाला विचारलं.

"हो, दुखतं," बकुळा म्हणाली, आणि तिला मांडीवर घेऊन बसली.